माझ्यावाचून वर्गाचे काय अडते?

‘अभ्यास कसाही भरून निघेल, पण पोर एकटे पडले आहे, त्याचे काय करावे?’ दीर्घ आजारामुळे शाळा बुडणाऱ्या मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, त्याचे उत्तर एका मुलाच्या अनुभवातूनच द्यावेसे वाटते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

अकरा वर्षांचा हा मुलगा रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत होता. त्याच्यासारख्यांचे उपचार बहुधा दोन ते तीन वर्षे चालतात, आणि औषधांनी पांढऱ्या पेशी घटल्या की संसर्गाच्या भीतीने गर्दी टाळावी लागते. शिक्षिका हौसेने व्हिडिओ कॉल लावत, सारा वर्ग एका सुरात ‘लवकर बरा हो’ म्हणे आणि हा कॅमेरा बंद करून बसे. केस गेल्याची लाज वाटत असावी, असे आईचे मत होते. खरे सांगायचे तर सुरुवातीला माझेही तेच होते.

चौथ्या भेटीत मी विचारले, ‘‘कॉल संपल्यावर कसं वाटतं?’’

बराच वेळ तो टोपीची कड मुडपत राहिला. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही, याचे मला आजही समाधान आहे.

‘‘ते मला बघायला येतात. पण मी नसलो म्हणून तिथे कुणाचं काही अडत नाही.’’

सहा ते बारा या वयात ‘मला काहीतरी जमते’ या जाणिवेवर मूल उभे राहते, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडले होते. या मुलाची सोबत तुटली होतीच, पण त्याहून अधिक त्याचे काम गेले होते, आणि आम्ही सगळे त्याला सहानुभूतीच पुरवत होतो. दर शुक्रवारी फळ्यावर लिहायचे गणिती कोडे त्यानेच तयार करावे, असे मी शिक्षिकांना सुचवले. अशक्तपणाच्या दिवसांसाठी बदली मित्रही ठरवून ठेवला, कारण जबाबदारीचे ओझे होता कामा नये. पालकांनीही असेच एखादे खरे काम शोधावे. सगळ्या वर्गापेक्षा एकदोन मित्रांशी ठरलेल्या वेळी बोलणे घडवावे आणि आजाराबद्दल वर्गाला काय सांगायचे, हे मुलालाच विचारावे. चेहरा दाखवण्याची सक्ती तर नकोच. नॉर्वेत अशा मुलांसाठी तयार झालेल्या छोट्या रोबोतून मुलाला घरबसल्या वर्ग दिसतो, वर्गाला मात्र मूल दिसत नाही.

तिसऱ्या कोड्याचे उत्तर चुकले. एका मित्राने फोन करून त्याला चांगलेच फैलावर घेतले. ‘‘मॅडम, आजारी मुलाशी कुणी असं भांडतं का?’’ आई काकुळतीने विचारत होती आणि तो मागे उभा राहून हसत होता. आपली आकडेमोड मित्राला दाखवण्याच्या भरात त्याने कॅमेरा सुरू केला होता, आणि टोपी घालायची राहूनच गेली होती.