बोअर करायचं की नुसतं होनिंग?

प्रश्न : माझ्या गाडीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तेल खात होतं, निळा धूरही येत होता. हेड उतरवलं तर चारही सिलिंडरमध्ये वरच्या टोकाजवळ नखाला कड लागते. एक मेकॅनिक म्हणतो, होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने हलकी घासणं) करून नव्या पिस्टन रिंगा टाका. दुसरा म्हणतो, सरळ बोअर करून (सिलिंडरचं भोक मशीनवर मोठं करून) ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवा. कुणाचं ऐकू?

उत्तर : ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, मोजून होईपर्यंत कुणाचंच ऐकू नका. नखाला कड लागते म्हणजे झीज आहे. किती आहे, ते नख सांगत नाही.

वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच भिंत झिजते, त्याच्या वरची पट्टी मूळ मापाची राहते. तीच ही कड. ज्वलनाचा दाब तिथे सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, म्हणून झीजही तिथेच जास्त. शिवाय पिस्टन एका अंगाला रेटला जातो, त्यामुळे बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, गोल राहत नाही. म्हणून डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली असा मोजायचा, आणि प्रत्येक उंचीवर दोनदा : क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवा. चार सिलिंडरची २४ मापं होतात, ती कागदावर लिहून घ्या. टेपर (वरच्या-खालच्या मापांतला फरक) आणि ओव्हल (एकाच उंचीवरच्या दोन मापांतला फरक) कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत असेल तर कड काढून होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. मर्यादेच्या काठावर असेल तर मी बोअरच करा म्हणेन. लंबगोल भोकात नवी गोल रिंग सगळीकडे टेकत नाही, आणि गाडी पुन्हा तेल खाऊ लागते.

पण बोअरिंगच्या आधी तडे तपासून घ्या. तुमचा ब्लॉक बिडाचा असेल तर चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या वाटांची प्रेशर टेस्ट, दोन्ही करा. हेड बसतं तो माथा सपाट आहे का, ते स्ट्रेट एज (सरळ पट्टी) आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तिरपंही बघा.

पिस्टन आधी हातात घ्या, मगच ब्लॉक मशीनवर चढवा. खोक्यावरच्या ०.५० वर विसंबून बोअर करू देऊ नका. पिस्टन स्कर्टवर (खालच्या घेरावर), पिनेला काटकोनात मोजून, क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) धरून त्याचा त्याचा बोअर करायचा. शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी राखायचे. तिरप्या जाळीच्या रेघा त्यातूनच येतात आणि तेल त्याच धरून ठेवतात.

आता धुणं. यात मी अजिबात सूट देत नाही. होनिंगची भुकटी नुसत्या रॉकेलने निघत नाही, रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढा. गरम पाणी, साबण आणि ब्रशने बोअर घासा, गॅलरीतूनही लांब ब्रश फिरवा. लगेच हवेने वाळवून बोअरला तेल लावा, नाहीतर बघता बघता गंज धरतो. मग तेलाचं पांढरं फडकं आतून फिरवा. करडं झालं तर पुन्हा धुवा, पांढरं येईपर्यंत.

जोडताना प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. कमी भरली तर टोक हलकं घासून मॅन्युअलमधल्या मापाला आणा.