बांबूचा ऑर्गन आणि दोनशे वर्षांची साथ

प्रश्न: फिलिपिन्समधल्या एका चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे म्हणे. आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनसारखाच असतो का तो? आणि बांबूला इतक्या वर्षांत कीड कशी लागली नाही?

उत्तर: हो, मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यासमध्ये आहे तो, आणि आजही रीतसर वाजतो. आपल्या नाटकातला ऑर्गन मात्र वेगळा बरं का, त्यात पेटीसारख्या धातूच्या पट्ट्या थरथरतात, आणि इथे हवा पाइपमध्ये शिरून बासरीसारखा सूर निघतो. असे १०३१ पाइप आहेत, त्यातले ९०२ बांबूचे!

हा बनवला दिएगो सेरा नावाच्या स्पॅनिश पाद्रीने. १७९५ मध्ये तो लास पिन्यासला आला तेव्हा फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं. त्याने आधीही मनिलात ऑर्गन बनवले होते, म्हणजे हात बसलेला माणूस. १८१६ मध्ये बांबू तोडला आणि सरळ समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, चांगला वर्षभर. तुमच्या किडीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, कारण किड्यांना हवा असतो तो बांबूतला पिठूळ अंश, खाऱ्या ओलाव्यात तो निघून जातो आणि जो बांबू त्यातून टिकून बाहेर येतो तोच कामाला घ्यायचा. एवढा धीर धरणं मला तरी फार मोठी गोष्ट वाटते. १८२१ पर्यंत बांबूचं काम झालं, पण तुतारीसारखा कडक आवाज काही बांबूतून मनासारखा येईना, म्हणून ते पाइप धातूचे केले आणि १८२४ मध्ये ऑर्गन पूर्ण झाला. हे पाइप स्पॅनिश पद्धतीने आडवे, थेट लोकांच्या दिशेने रोखलेले असतात. शिवाय एक खुंटी ओढली की पाण्यातून हवा जाऊन पाखरांचा चिवचिवाट होतो, तो ऐकाच कधीतरी.

पुढे भूकंप झाले, वादळं झाली, छप्पर गेलं, ऑर्गन कित्येक वर्षं मुकाच होता. १९७३ मध्ये तो सुटा करून जर्मनीत बॉनला क्लाइस या ऑर्गन बनवणाऱ्यांकडे पाठवला, तिथे खोलीत मुद्दाम फिलिपिन्ससारखी उष्ण दमट हवा ठेवली होती, नाहीतर कोरड्या थंडीत बांबू तडकला असता. १९७५ मध्ये तो परत आला आणि पुढच्या वर्षापासून त्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरायला लागला.

मला सगळ्यात भावतं ते नंतरचं. पूर्वी दुरुस्तीसाठी ऑर्गन युरोपात न्यावा लागला, आता लास पिन्यासमध्येच १९९४ पासून दिएगो सेराच्याच नावाचा कारखाना आहे, तिथले कारागीर ऑस्ट्रिया-जर्मनीत शिकून आलेत आणि देशातल्या इतर चर्चमधले स्पॅनिश काळातले जुने ऑर्गनही तेच दुरुस्त करतात, नवेही बनवतात.