आधी दुधाची नोंदवही चालवून दाखव

प्रश्न : मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पायथनमधले लूप, फंक्शन, डिक्शनरी येतात. आता वेब ॲप्लिकेशन करायचंय. पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कपैकी, म्हणजे ॲप्लिकेशन बांधायच्या तयार सांगाड्यांपैकी, कुणी जँगो शीक म्हणतं, कुणी फ्लास्क. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे. वडिलांच्या दूध संकलन केंद्रावर मदत करावी लागते, त्यामुळे क्लास लावता येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : फ्लास्कपासून कर. जँगोत लॉगिन, ॲडमिन, डेटाबेस सगळं तयार मिळतं. पण बटण दाबल्यावर आत काय घडतं हे नवख्याला दिसत नाही, आणि मुलाखतीत नेमकं तेच विचारतात. आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली आणलेलं फ्लास्क मोजकंच देतं: कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन चालेल याची जोडणी आणि पान बनवायला जिंजा. बाकीचं आपण जोडायचं. तुझा लॅपटॉप त्याला पुरतो.

प्रकल्प तर तुझ्या घरातच आहे. एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) एकच टेबल कर: तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर. पानं तीन: नवी नोंद, यादी, दहा दिवसांचं बिल. रोज तासभर दिलास तर दीड महिन्यात उभं राहील.

फोल्डरमध्ये आधी व्हेन्व (या प्रकल्पापुरतं पायथनचं वेगळं वातावरण) तयार कर, ते चालू कर आणि मगच पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने, फ्लास्क बसव. दुसऱ्या दिवशी ‘मॉड्यूल सापडत नाही’ असं आलं, तर बहुतेक वेळा व्हेन्व चालू करायचं राहिलेलं असतं. आपल्या फाइलला फ्लास्क डॉट पीवाय हे नाव देऊ नकोस. इंपोर्ट करताना पायथन खऱ्या फ्लास्कऐवजी तीच उचलतं. एचटीएमएलच्या फाइली टेम्प्लेट्स नावाच्या फोल्डरमध्येच हव्यात. शेवटचा ‘स’ राहिला तरी पान सापडत नाही.

खरी कसोटी फॉर्मची. ४०५ ची चूक आली तर रूटमध्ये (पत्ता आणि फंक्शनच्या जोडणीत) पोस्ट, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, लिहायचं राहिलंय. वेगळं सांगितलं नाही तर रूट फक्त गेट, म्हणजे पान मागायची पद्धत, घेतो. फॉर्ममधून आलेलं सगळं मजकूर असतं: ८.५ आणि ६ लिटर तसेच जोडलेस तर १४.५ नव्हे, ८.५६ होतात. म्हणून आधी फ्लोट कर. नोंद घातल्यावर डेटाबेसला कमिट, म्हणजे बदल पक्का करायचा आदेश, दिला नाहीस तर ती टिकणार नाही. आणि जतन झाल्यावर तिथेच पान दाखवू नकोस, यादीच्या पानाकडे रिडायरेक्ट कर, म्हणजे ब्राउझरला तिकडे वळव. नाहीतर वडिलांनी रिफ्रेश करून फॉर्म पुन्हा पाठवला की तेच दूध दोनदा चढेल आणि बिलात पैशांचा घोळ होईल. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आदेशात, फॉर्ममधली मूल्यं थेट जोडून लिहू नकोस. त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी दे. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून कुणी डेटाबेसचे आदेश घुसवणं, तिथेच अडतं. ही सवय पहिल्या क्वेरीपासून लाव.

शिकताना डीबग मोड चालू असू दे, चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवतो. इंटरनेटवर टाकताना मात्र बंदच हवा, कारण त्यातून परक्या माणसाला तुझ्या सर्व्हरवर कोड चालवण्याची वाट मिळू शकते. तिथे फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हरही नको. लिनक्सवर गनिकॉर्न हा सर्व्हर वापर. विंडोजवर ते चालत नाही, तिथे वेट्रेस घे.

जँगो यानंतर शीक, सोपं जाईल. नोकरीच्या अर्जासोबत या प्रकल्पाची गिटहबची (कोड ठेवायची वेबसाइट) लिंक दे. पण सभासदांच्या रकमा असलेली डेटाबेस फाइल आणि सीक्रेट की (ॲप्लिकेशनची गुप्त किल्ली) असलेली फाइल तिथे जाता कामा नये. गिटमधल्या पहिल्याच कमिटच्या (कोडची जतन केलेली आवृत्ती) आधी दोन्ही फाइलींची नावं गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घाल. एकदा चढलेली फाइल नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये राहतेच.