शिक्षणाच्या एफडीला हात लावू नका, खेळ मात्र सोडू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यजमान नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत आहेत, हातात ६२ हजार येतात, तुमच्या शिवणकामाचे १२ हजार. घराचा हप्ता १९ हजार. किराणा, शाळा, धाकटीच्या सुकन्या समृद्धी खात्यातले हजार रुपये, सगळं जाऊन महिन्याला १४ हजार उरतात. मोठ्याच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ७ लाखांची एफडी आहे, ती या महिन्यात पिकतेय. मुलगा आठवीत, तेरा वर्षांचा. परराज्यातली एक निवासी फुटबॉल अकादमी त्याला घ्यायला तयार आहे, वर्षाला ३ लाख ६० हजार, तीन वर्षांसाठी. तुमचा विचार असा की एफडी तिकडे भरायची, उरलेल्याचं पर्सनल लोन काढायचं आणि सुकन्याचं काही वर्षं थांबवायचं.

माझं उत्तर स्पष्ट आहे : अकादमीत पाठवू नका. पण खेळ बंद करा असंही मी म्हणणार नाही. बुटाचा तळ दोनदा मोच्याकडून शिवून घेऊन त्याच बुटांनी पोरगा शाळेची फायनल खेळला, हे तुम्ही लिहिलंय. ज्या पोराला एवढी ओढ आहे त्याला घरी बसवणं मला पटणार नाही.

आधी हिशोब. तीन वर्षांचे १० लाख ८० हजार झाले. एफडीचे ७ गेले की ३ लाख ८० हजार कमी पडतात. बाहेरची अकादमी आणि शालेय वयातली फी म्हटल्यावर शैक्षणिक कर्ज मिळणं कठीण, ते बहुतेक बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असतं. पर्सनल लोन १३ टक्क्यांनी धरलं तर तीन वर्षांचा हप्ता साधारण १२ हजार ८०० बसतो. म्हणजे १४ हजारांतले हजार-बाराशे हाती. त्यात पोराचं जाणं-येणं, सुट्टीतलं तिकीट, एखादं आजारपण बसवून दाखवा! आणि तीच एफडी ७ टक्क्यांनी पाच वर्षं तशीच ठेवली तर तो बारावी होईल तेव्हा ९ लाख ९० हजारांच्या आसपास होते. व्याजावरचा कर वेगळा.

पैशापेक्षाही मला भीती गुडघ्याची वाटते. तीन वर्षांपूर्वी मानेवाड्याचे एक वडील माझ्याकडे आले होते. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर सपाट केला. मुलाला त्यांनी अशाच एका अकादमीत घातलं होतं, चौथ्या महिन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की कोणत्याही कारणाने प्रवेश सोडल्यास फी परत मिळणार नाही. त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. पोरगा चालायला लागला. पण त्या वर्षीची शाळा बुडाली आणि पैसे गेलेच.

म्हणून माझा साधा नियम आहे, फुटबॉलचा खर्च महिन्याच्या कमाईतून करायचा. शिक्षणाच्या साठ्यातून तो कधीच नाही.

उरणाऱ्या १४ हजारांचे दोन भाग करा. सात हजार खेळाचे. त्यात क्लबची किंवा प्रशिक्षकाची फी, रोजची अंडी, दूध, केळी, फुटाणे, पाय वाढतोय म्हणून वर्षाला दोन-तीन जोड बूट, बाहेरगावच्या सामन्यांचा प्रवास आणि गणिताची शिकवणी. शिकवणी मुद्दाम खेळाच्या खर्चात धरली आहे, कारण सामन्यांमुळे बुडणारे तास तीच भरून काढणार. एखाद्या महिन्यात पैसे उरले तर फिजिओसाठी वेगळे ठेवा. उरलेले सात हजार पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत. ६.७ टक्के दराने पाच वर्षांनी जवळपास ५ लाख होतात. एफडी धरून बारावीच्या वेळी १४ लाख ९० हजारांच्या घरात रक्कम हाताशी असेल. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत जास्त मिळेल असं कुणी सांगेलही, पण फीची तारीख ठरलेली असते आणि बाजार त्या तारखेची वाट पाहत नाही.

यजमानांचा कंपनीचा आरोग्य विमा नोकरी आहे तोवरच आहे. चौघांचा एक फॅमिली फ्लोटर स्वतःचा घ्या. आजारपणासाठी पहिले तीस दिवस थांबावं लागतं, अपघाती दुखापतीला ती अट नसते. ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी किती दिवस मिळते, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

आता खेळाचं. फुटबॉलसाठी नागपूर सोडावंच लागतं असं नाही. कामठीत फुटबॉल पिढ्यान् पिढ्या खेळला जातो. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसोबत २००१ मध्ये फुटबॉलचं जे काम सुरू केलं, तेही याच शहरात. चांगल्या प्रशिक्षकाकडे पहाटेचा सराव आणि शाळेचा संघ, या वयात एवढं पुष्कळ आहे. सुब्रतो कप ही फुटबॉल स्पर्धा १९६० पासून शाळांमध्ये खेळली जाते, त्यात १५ आणि १७ वर्षांखालचे गट आहेत. पोरगा आपल्या शाळेच्या पटावर राहिला, रोज वर्गात गेला, तर तो शाळेकडून खेळू शकतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खेळाडूंना कामगिरीनुसार २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. पुढे राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. तिथे मैदानातली प्रमाणपत्रं लागतात, तसं पदाप्रमाणे शिक्षणही लागतं. अकादमीत 'शाळेची सोय आहे' म्हणतात तेव्हा विचारा : कोणती शाळा, कोणतं बोर्ड, रोज वर्ग किती तास? नावापुरता प्रवेश असेल तर हे सगळं हातचं जाईल.

आणि ताई, एक गोष्ट मनावर घ्या. पैसे घेऊन प्रवेश देणाऱ्यांनी तुमच्या मुलाची निवड केली, असं समजू नका. निवड पाहायची असेल तर खर्च स्वतः उचलणाऱ्यांच्या ट्रायलला जा. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आहे. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स आहे, तिथे शाळेसकट पूर्ण शिष्यवृत्ती मिळते. जमशेदपूरच्या टाटानगर स्टेशनला नागपूरहून गीतांजली एक्स्प्रेस थेट जाते, दोघांचं येणं-जाणं खेळाच्या सात हजारांतून भागेल. वयाची मर्यादा, जाहिरात कधी येते, हे त्याच्या प्रशिक्षकाकडून विचारून घ्या. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांतली जन्मतारीख जुळते ना, हे आजच पाहा. फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी यंत्रणेत त्याची नोंद झाली आहे का, तेही क्लबला विचारा. अशा ठिकाणी निवड झाली तर डोळे मिटून पाठवा, मी एक शब्द बोलणार नाही.

धाकटीचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाच आलाय, तोही पैसे थांबवण्यासाठी. ते थांबवू नका. सुकन्यावर सध्या ८.२ टक्के मिळतात, एवढा दर तुमच्या दुसऱ्या कोणत्याच ठेवीवर नाही. तिलाही काहीतरी व्हायचं असेल.

अकादमीचं टोकन भरलं नसेल तर भरू नका. भरलं असेल तर परताव्याची अट ईमेलवर लेखी मागा. एफडी पिकण्याच्या आदल्या दिवशी बँकेत जाऊन तिची पुढची मुदत पाच वर्षांची करून घ्या, आणि खात्यावर दुसरं नाव तुमचं घाला. परत येताना पोराला नवे बूट घेऊन द्या.