कंपनीचा मेडिक्लेम सुटण्यापूर्वी द्यावयाचा अर्ज

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून येत्या 30 नोव्हेंबरला निवृत्त होणाऱ्या वाचकांचे पत्र समोर आहे. गेली 22 वर्षे ते आणि त्यांच्या पत्नी कंपनीच्या गट आरोग्य विम्यात आहेत आणि विमा रक्कम 3 लाख रुपये आहे. पत्नीला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यांना स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ओळखीच्या एजंटाने दुसऱ्याच विमा कंपनीच्या 10 लाखांच्या फॅमिली फ्लोटरचा, म्हणजे एकाच विमा रकमेत सारे कुटुंब धरणाऱ्या पॉलिसीचा, अर्ज गेल्या आठवड्यात भरून घेतला, धनादेशही नेला आणि आजारांच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले. गोळीने ताब्यात असलेला आजार लिहायचा नसतो, असे त्याचे म्हणणे. पॉलिसी अजून हाती आलेली नाही. कोणती कंपनी चांगली, 10 लाख पुरतील की 25 लाख घ्यावेत, आणि सत्तरीनंतर सरकारी कार्ड मिळणारच असेल तर एवढा हप्ता भरावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

या आशयाची पत्रे मला वर्षभर येतात, आणि निर्णायक प्रश्न त्यांत बहुधा विचारलेलाच नसतो. आपला नवा विमा हा जुन्या विम्याचा पुढचा भाग म्हणून सुरू होणार आहे की कोरा, नव्याने, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर 30 नोव्हेंबरपूर्वी आपण कोणता अर्ज देता यावर ठरेल, आणि एजंटाने भरून घेतलेला अर्ज कोऱ्या विम्याचा आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार, उपचारांचा खर्च भरून देणाऱ्या गट पॉलिसीतील सदस्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना, गटातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फ्लोटर पॉलिसीत जाण्याचा हक्क आहे. याला मायग्रेशन म्हणतात. त्याचा मोठा लाभ असा, की जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा कालावधीपैकी, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही त्यापैकी, आपण गटात काढलेला काळ जमा धरला जातो. हा कालावधी एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने इतकाच ठेवता येतो. आपली 22 वर्षे त्याच्या कितीतरी पलीकडची आहेत. दुसरा लाभ याहून मोलाचा आहे. सलग 60 महिने विमा चालू राहिला, आणि यात मायग्रेशनपूर्वीचा काळही मोजला जातो, तर माहिती दडवल्याच्या कारणावरून विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद उरतो. नव्या अर्जाने नव्या कंपनीत गेलात, तर हे 60 महिने आणि ते 36 महिने दोन्ही शून्यापासून मोजले जातील, आणि तेही साठीच्या उंबरठ्यावर, जेव्हा त्यांची सर्वाधिक गरज असते.

बावीस वर्षे पगारपत्रकातून कुटुंबाचा हप्ता कापला जात असताना आपण पॉलिसीची प्रत एकदाही मागितली नाही, हे वाचून मला खेद वाटला. गट विम्याची कंपनी वारंवार बदलते आणि कर्मचाऱ्याच्या हाती केवळ एक ई-कार्ड येते, ज्यावर मोठ्या अक्षरांत टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, नाव असते. त्यामुळे आपला विमा आज नेमका कोणत्या कंपनीकडे आहे, हे प्रथम एचआर विभागाकडून लेखी घ्यावे, कारण मायग्रेशनचा अर्ज त्याच कंपनीकडे द्यावा लागतो. मधल्या काळात विमा कंपन्या बदलल्या असतील, तर आधीची वर्षे मोजण्यावरून वाद निघू शकतो. जुनी ई-कार्डे, हप्ता कापल्याच्या पगारपावत्या आणि पूर्वीच्या दाव्यांची पत्रे जेवढी सापडतील तेवढी जमवावीत. आपले नाव गट पॉलिसीतून कोणत्या तारखेला वगळले जाणार, हेही त्याच पत्रात विचारावे. काही कंपन्या निवृत्तीच्या दिवशीच नाव काढतात, काही पॉलिसीचे वर्ष संपेपर्यंत ठेवतात. मुदतीचे नेमके कलम आपल्या पॉलिसीत पाहावे लागेल. तरीही सुरक्षा संपण्याच्या किमान 30 दिवस आधी, म्हणजे 31 ऑक्टोबरपूर्वी, अर्ज विमा कंपनीकडे पोहोचला पाहिजे असे धरूनच चालावे. निवृत्तीचा समारंभ, भविष्यनिर्वाह निधीचे कागद आणि ग्रॅच्युइटी आटोपल्यावर विम्याकडे पाहू, असे म्हणणाऱ्यांची पत्रे मला जानेवारीत येतात, आणि तोवर माझ्या हाती फारसे काही उरलेले नसते.

रकमेबाबत एक हिशेब ध्यानात ठेवावा. जमा धरलेला काळ जुन्या विमा रकमेपुरताच लागू होतो. मायग्रेशन करताना आपण 10 लाखांची पॉलिसी मागितली, तर 3 लाखांना प्रतीक्षा उरणार नाही, परंतु वाढीव 7 लाखांना ती नव्याने लागेल. दुसऱ्या वर्षी पत्नीच्या मधुमेहातून उद्भवलेल्या उपचारांचा खर्च 6 लाख झाला, तर आपल्या हाती 3 लाखच पडतील असे समजावे. तरीही रक्कम आजच वाढवून घ्यावी, कारण ती प्रतीक्षा जितक्या लवकर सुरू होईल तितक्या लवकर संपेल. वाढीव रक्कम द्यायची की नाही हे कंपनी प्रकृती पाहून ठरवू शकते. तिने नकार दिला, तर 3 लाखांची पॉलिसी कायम ठेवून त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपलीकडचा वर्षभराचा खर्च देणारी पूरक पॉलिसी, घेण्याचा विचार करावा. 10 की 25 हे मला येथून सांगता येणार नाही. ते आपल्या निवृत्तिवेतनावर आणि आपण कोणत्या रुग्णालयात जाता यावर अवलंबून आहे.

आता त्या ‘नाही’ विषयी. दावा नाकारला जातो तो बहुधा रुग्णालयाच्या पहिल्याच कागदामुळे. मध्यरात्री रुग्णाला दाखल करताना तेथील तरुण डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षांपासून आहे. घाबरलेला मुलगा सांगतो, असेल आठ-दहा वर्षे. आणि केसपेपरवर ‘नोन केस ऑफ डायबेटिस, टेन इयर्स’ अशी ओळ उमटते. पुढे दावा नाकारल्याच्या पत्रात तीच ओळ जशीच्या तशी उतरवलेली असते आणि तिच्या शेजारी आपल्या सहीचा प्रस्ताव अर्ज जोडलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात हेच सांगितले आहे. विमाधारकाने अर्जात प्रकृती उत्तम असल्याचे लिहिले होते, प्रत्यक्षात मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार होता, आणि पॉलिसी घेतल्यावर वर्षाच्या आत त्यांचा मृत्यू झाला. न्यायालयाने दावा नाकारणे योग्य ठरवले. एजंटाने लिहिले, मी केवळ सही केली, हा बचाव क्वचितच तरतो. शिवाय जाणूनबुजून लिहिलेले ‘नाही’ हे उद्या फसवणूक म्हणून पुढे केले गेले, तर 60 महिन्यांचे संरक्षणही डळमळीत होते.

म्हणून नव्या कंपनीला आजच ईमेल आणि नोंदणीकृत पत्राने कळवावे, की अर्जातील आजारांची माहिती चुकीची भरली गेली आहे आणि आपण प्रस्ताव मागे घेत आहात. भरलेली रक्कम परत मागावी. दरम्यान पॉलिसी आलीच, तर ती मिळाल्यापासून 30 दिवसांत फ्री-लूक तरतुदीखाली परत करता येते. हप्त्यातून मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखीम हप्ता वजा होईल. मायग्रेशनच्या अर्जात मात्र दोघांचे आजार, निदानाचे वर्ष आणि गोळ्यांची नावे स्पष्ट लिहावीत. दुसरी कंपनी आपल्याला खरोखरच अधिक पसंत असेल, तर आधी मायग्रेशन करून पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी पोर्टेबिलिटी, म्हणजे जमा काळासह दुसऱ्या कंपनीत जाणे, मागावी. तो अर्ज नूतनीकरणाच्या 60 ते 45 दिवस आधी द्यायचा असतो.

विमा कंपनीने मायग्रेशन नाकारले किंवा वर्षे जमा धरली नाहीत, तर प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जावे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई देता येते आणि निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे आणि दोन वर्षांची मुदतही आहे. परंतु 2019 च्या कायद्यात साधारण तीन महिन्यांत निकाल देण्याचे म्हटले असले, तरी तारखांमागून तारखा पडत राहतात आणि वयोवृद्ध तक्रारदार जिने चढून रिकाम्या हाताने परततात, हे मी इतकी वर्षे पाहत आलो आहे, की साठीतल्या माणसाला तो मार्ग पहिला म्हणून सुचवण्यास माझे मन धजत नाही.

सरकारी कार्डाबाबत थोडक्यात. वयाची 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचे संरक्षण मिळते, आणि खासगी विमा असला तरी ते घेता येते. परंतु ते योजनेशी संलग्न रुग्णालयांतच चालते, आणि आपल्याला सत्तरी गाठण्यास अद्याप दहा वर्षे आहेत. पॉलिसी निवडताना खोलीभाड्याची मर्यादा आणि सहभाग-रक्कम, म्हणजे प्रत्येक दाव्यातील आपला वाटा, ही दोन कलमे तपासावीत. खोलीभाडे दिवसाला 5,000 रुपयांपर्यंत मान्य असताना आपण 10,000 रुपयांची खोली घेतली, तर डॉक्टरांच्या आणि शस्त्रक्रियेच्या शुल्कातही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कपात होऊ शकते.

मायग्रेशनचा अर्ज विमा कंपनीच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्यावा. एजंटाच्या हाती तो देऊ नये, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय तेथून निघू नये.