अंकल बिली आणि जेराल्ड ओ'हारा: थॉमस मिचेल यांच्याविषयी

'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधला विसराळू अंकल बिली आणि 'गॉन विथ द विंड'मधले स्कार्लेटचे वडील जेराल्ड ओ'हारा ही एकाच नटाची कामे आहेत का, आणि असल्यास त्याचे नाव फारसे कानावर का येत नाही, असे आपण विचारले आहे. होय, नट एकच: थॉमस मिचेल. नावाविषयीच्या शंकेचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीच्या घडणीतच आहे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १८९२ साली न्यू जर्सीतील एलिझाबेथ शहरात, आयर्लंडहून आलेल्या कुटुंबात झाला. घरात पत्रकारिता होती आणि सुरुवातीला तेही बातमीदारच झाले. पुढे चार्ल्स कोबर्न यांच्या नाटकमंडळीबरोबर शेक्सपिअरची नाटके करत ते गावोगाव फिरले. ब्रॉडवेवर नट म्हणून स्थिरावल्यानंतरही लेखणी सुटली नाही. फ्लॉइड डेल यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या 'लिटल अॅक्सिडेंट' या नाटकावरून हॉलिवूडने चित्रपटही काढले. चित्रपटांत त्यांचा खऱ्या अर्थाने जम बसला तो १९३६-३७ मध्ये, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर. नायकाचे वय निघून गेले होते, अंगाने ते ठेंगणे आणि गुटगुटीत होते. पण संवाद कुठे तोडायचा आणि समोरच्याला जागा कधी द्यायची, हे रंगभूमीने त्यांच्या अंगी पुरते मुरवलेले होते.

१९३९ या एका वर्षातली त्यांची कामे पाहा: 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर बून, 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मधला दृष्टी अधू होत चाललेला वैमानिक, 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मधला पत्रकार, 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधला भिकाऱ्यांचा राजा आणि जेराल्ड ओ'हारा. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकन मिळालेल्या दहांपैकी तीन चित्रपटांत ते होते. या पाच भूमिकांना जोडणारी एकही लकब सापडत नाही, आणि नाव लक्षात न राहण्याचे कारण नेमके तेच आहे. इतर अनेक चरित्र अभिनेते एकच ठसा वर्षानुवर्षे वापरत आणि प्रेक्षक त्यांना त्या ठशावरून ओळखत. मिचेल यांनी ती सोय ठेवलीच नाही.

सहायक अभिनेत्याचे ऑस्कर त्यांना 'स्टेजकोच'साठी मिळाले. त्याचेच दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी 'द हरिकेन'मध्येही त्यांना मद्यपी डॉक्टरच केले होते आणि त्याबद्दल नामांकनही मिळाले होते, पण बून त्याहून फार वरचा आहे. घोडागाडीत तो व्हिस्की विकणाऱ्या भिडस्त प्रवाशाला खेटून बसतो आणि त्याचे नमुने बिनदिक्कत रिते करत राहतो. वाटेतल्या ठाण्यावर एका स्त्रीच्या प्रसूतीची वेळ येते, तेव्हा हाच माणूस काळ्या कॉफीचे पेल्यामागून पेले रिचवून स्वतःला शुद्धीवर आणतो. शेवटी लॉर्ड्सबर्गच्या दारूच्या गुत्त्यात तो बंदूकधारी ल्यूक प्लमरसमोर निःशस्त्र उभा राहून त्याला शॉटगन टाकायला लावतो. तिथला सुटकेचा श्वास मुद्दाम पाहावा. आपण किती घाबरलो होतो हे त्याला स्वतःलाच तेव्हा कळलेले दिसते.

अंकल बिलीविषयी एक किस्सा नेहमी सांगितला जातो. दारू चढलेला बिली पडद्याबाहेर गेल्यावर सेटवर कुणाच्या हातून सामान खाली पडले. मिचेल यांनी न थांबता आपण ठीक असल्याचे ओरडून सांगितले, आणि दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी तो आवाज चित्रपटात तसाच ठेवला. माझ्या मते बिलीचे खरे मोठेपण त्याच्या हातून आठ हजार डॉलर हरवल्यानंतरच्या प्रसंगांत आहे, कारण तोवरचा गमतीदार विसराळूपणा तिथे एकाएकी असह्य होतो.

नंतरच्या काळाविषयी थोडक्यात सांगायचे, तर १९५२ मध्ये 'हाय नून' आला आणि १९५३ मध्ये दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार व 'हेझल फ्लॅग' या संगीतिकेसाठी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. ऑस्कर, एमी आणि टोनी हे तिन्ही मिळवणारे ते पहिले पुरुष अभिनेते. १९६२ मध्ये 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' या नाटकात त्यांनी रंगमंचावर लेफ्टनंट कोलंबो हा पोलीस तपास अधिकारी साकारला, पीटर फॉक यांनी तो दूरचित्रवाणीवर गाजवण्याच्या कितीतरी आधी. त्याच वर्षी १७ डिसेंबरला बेव्हर्ली हिल्स येथे त्यांचे निधन झाले.

आपण 'स्टेजकोच' पाहिला नसेल तर आधी तो पाहावा आणि लगेच 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' लावावा, म्हणजे बडबड्या बूननंतर तो अबोल वैमानिक अधिक जाणवेल.