फोनमधले आभासी जग आणि डोळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोबाइल खोक्यात बसवून आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर, पाहण्याविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत दोनच समजुती पुन्हा पुन्हा आढळतात. एक, या खोक्याने डोळे जातात. दुसरी, याच खोक्याने डोळे सुधारतात. दोन्ही ऐकीव आहेत. नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांना वेगवेगळी उत्तरे देण्यापेक्षा काही प्रश्न येथे एकत्र घेत आहे.

प्रश्न : मला उणे ३ नंबरचा चष्मा आहे. खोक्यात फोन डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, तेव्हा चष्मा काढून पाहिले तर चालेल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नेरूळ)

चष्मा लावूनच पाहावे. फोन जवळ असला तरी खोक्यातील भिंगे त्यावरचे चित्र बरेच लांब असल्यासारखे दाखवतात, त्यामुळे लांबचा नंबर असणाऱ्याला चष्मा लागतोच. केवळ वाचण्यापुरता चष्मा वापरणाऱ्याला मात्र तो बहुधा लागणार नाही. भिंगे पुढे-मागे करणारी चकती असली, तरी तिने सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईमुळे लागणारा नंबर, भरून निघत नाही. वर्षभरात नंबर तपासला नसेल तर आधी तो तपासून घ्यावा.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका गृहप्रकल्पात, अजून बांधून न झालेले घर आम्हाला फोनच्या व्हीआर हेडसेटमधून दाखवले. माझ्या ६८ वर्षांच्या आईला लगेच मळमळू लागले. विक्री प्रतिनिधी म्हणाला, सवय नसल्यामुळे असे होते. हा डोळ्यांचा दोष आहे का? (वाचक, कासारवडवली)

बहुधा नाही. मान कोणत्या दिशेला वळली हे फोनमधील जायरोस्कोपला कळते. पण साध्या खोक्यात बसवलेल्या फोनला, माणसाने पाऊल पुढे टाकले की नाही, हे सहसा कळत नाही. त्यामुळे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात नेणारे चित्र डोळ्यांपुढे सरकत राहते, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर जागेवरच असल्याचे सांगते, आणि या विसंगतीतून मळमळ होते. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत सुमारे २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ गेला तर त्रास वाढतो, आणि स्वस्त फोनवर तो जातोच. सवय लागावी म्हणून ज्येष्ठ व्यक्तीला ते पुन्हा लावायला सांगणे मला अजिबात मान्य नाही. चक्कर काही तासांनंतरही राहिली, किंवा एरवी कूस बदलताना येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे आणि रक्तदाब तपासून घ्यावा. एकाची दोन दिसू लागली किंवा बोलणे अडखळले, तर विक्री प्रतिनिधीचे किंवा शेजाऱ्यांचे काहीही न ऐकता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. व्हीआरमध्ये डायनासोर अंगावर येतो असे त्याचे मित्र म्हणतात, याला मात्र तो साध्या चित्रासारखा दिसतो. फोनवरील एका जाहिरातीत, रोज व्हीआर खेळ खेळून आळशी डोळा महिन्याभरात बरा होतो, असे म्हटले आहे. घरातील मोठी माणसे म्हणतात, वयानुसार सुधारेल. ते ॲप घ्यावे की मे महिन्याच्या सुटीत तपासणी करावी? (पालक, ऐरोली)

ॲप घेऊ नका आणि मे महिन्याची वाटही पाहू नका. तपासणी याच आठवड्यात करा.

खोक्यात फोनच्या पडद्याचे दोन भाग होतात आणि प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र मिळते. मेंदू ती दोन्ही जुळवतो, तेव्हा वस्तू जवळ-लांब असल्याचे जाणवते. एका डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे मेंदू दुर्लक्ष करत असेल, म्हणजेच तो डोळा आळशी असेल, तर डायनासोर सपाटच राहणार. याची इतर कारणेही असू शकतात, हे मान्य आहे : अनेक ३६० अंशांच्या व्हिडिओंत दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दिलेले असते, आणि लहान मुलाच्या दोन डोळ्यांतील अंतर मोठ्यांसाठी बसवलेल्या भिंगांशी जुळत नाही. परंतु मित्रांना त्याच खोक्यात जे दिसते ते तुमच्या मुलाला दिसत नसेल, तर आळशी डोळ्याची शक्यता तपासल्याशिवाय सोडून देता येत नाही.

आळशी डोळ्याची खरी अडचण ही की मुलाला स्वतःला काहीच कळत नाही. चांगला डोळा फळाही वाचतो आणि पुस्तकही, म्हणून शाळेतून तक्रार येत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक, तिरळेपणा, क्वचित जन्मजात मोतीबिंदू, यांतले काहीही कारण असू शकते. उपचार जुने आणि पारखलेले आहेत : योग्य चष्मा, आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर ठरावीक तास पट्टी. सात-आठ वर्षांच्या आत त्यांचा परिणाम सर्वांत चांगला होतो. पुढेही सुधारणा होऊ शकते, पण ती संथ आणि अनेकदा अपुरी असते. वयानुसार सुधारेल, या वाक्याने जितक्या मुलांचे हे वय वाया जाते तितके कोणत्याही फोनमुळे जात नसेल.

आता जाहिरातीविषयी. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांच्या आळशी डोळ्यासाठी व्हीआरवर आधारित एका उपचाराला परवानगी दिली, हे खरे आहे. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतो, आणि त्यात दोन डोळ्यांना दाखवायच्या चित्रांत नेमके बदल केलेले असतात. त्या बातमीच्या आधाराने कुणीही केलेला फोनवरचा खेळ म्हणजे तो उपचार नव्हे. घेतलेल्या पैशांपेक्षा मला त्यात जाणाऱ्या महिन्यांचा अधिक राग येतो.

दुकानातील संगणकावर नंबर काढून समाधान मानू नका. मुलांचे डोळे औषधाचे थेंब घालूनच तपासावे लागतात; त्यानंतर साधारण दिवसभर जवळचे धूसर दिसते, त्याला घाबरू नये. खर्चाची अडचण असेल तर कळव्यातील महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवावे. धाकटे भावंड असेल तर त्यालाही सोबत न्यावे.

प्रश्न : व्हीआरसाठी निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यायला दुकानदार सांगतो. घ्यावा का? (वाचक, वाशी)

नको. अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही, असाच वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याचा निष्कर्ष होता. व्हीआरमध्ये चित्रातील वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण त्यांचा फोकस मात्र ठरलेल्या एकाच अंतरावर ठेवावा लागतो. ताण मुख्यतः याचा असतो, आणि पापण्या कमी मिटल्याने कोरडेपणाची त्यात भर पडते. विश्रांती घेऊनही डोके दुखत राहिले तर डोळे तपासून घ्यावेत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. रोज किती वेळ पाहू द्यावे? (पालक, खारघर)

रोज नकोच. सोनीने आपल्या हेडसेटसाठी १२ वर्षांची मर्यादा सांगितली आहे, आणि मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या नियंत्रणाखाली १० वर्षांपासून परवानगी दिली. तुमची मुलगी दोन्हींत बसत नाही. क्वचित, दहा मिनिटे, खुर्चीत बसवून आणि मोठे माणूस शेजारी असताना पाहू द्यावे. तिचा किंवा तुमचा नंबर वाढत असेल, तर आधी तपासणी करावी.

प्रश्न : भावाला लहानपणापासून फिट येतात, औषधे चालू आहेत. त्याने पाहावे का? (वाचक, वर्तकनगर)

मेंदूविकारतज्ज्ञांच्या स्पष्ट परवानगीशिवाय अजिबात नाही.

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांना एकच हेडसेट आळीपाळीने द्यायचा विचार आहे. काही काळजी? (समिती सदस्य, कोपरी)

प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला टेकणारा भाग पुसावा, आणि लाल, चिकट किंवा पाणावलेले डोळे असलेल्या मुलाला हेडसेट न देता डॉक्टरांकडे पाठवावे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ किती वेगाने पसरली, हे समितीने आठवावे. फोन चार्जिंगला लावून हेडसेटमध्ये ठेवू नये, तो तापतो.